दर गुरुवारची मीटिंग, कंप्रेसरचं ऑईल, जीएसटी, सगळं एकाच प्रोजेक्ट फाईलमध्ये टाकायचं का?

कुपवाड_फॅब्रिकेशन:
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, साखर कारखान्यांची ऑफ सीझनची कामं घेतो, ज्यूस हीटर, कन्व्हेअर, टाक्या असलं. या वर्षी सगळं शेड्यूल मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये करायला घेतलंय कारण बॉयलर पेटायच्या आत माल साईटवर उभा राहायला पायजे, गळीत हंगाम आपल्यासाठी थांबत नाही. आता अडचण अशी की दर गुरुवारी आढावा मीटिंग असते, ती रिकरिंग टास्क (ठरावीक दिवशी परत परत येणारं काम) म्हणून टाकली आणि पाच जणांना असाईन केली, तर पाचीजण ओव्हरअलोकेटेड (वेळेपेक्षा जास्त काम लागलेले) म्हणून लाल दिसायला लागलेत. आणि क्रिटिकल पाथ (ज्या कामांना उशीर झाला की सगळी ऑर्डरच लांबते ती साखळी) बघायला गेलो तर त्यात फॅब्रिकेशन नाही, हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) नाही, शेवटची मीटिंग तेवढी दिसतीय!! कंप्रेसरचं ऑईल, क्रेनची तपासणी, जीएसटी पीएफच्या तारखा पण यातच टाकायचा विचार आहे म्हणजे मालकांना एका जागी सगळं दिसेल. असं करावं का? कुणी केलं असेल तर जरा सविस्तर सांगा.

सातारा_प्लॅनर:
दादा, आधी मीटिंगची ड्युरेशन बघा. रिकरिंग टास्कची खिडकी उघडली की तिथं १ दिवस आपोआप भरलेला असतो, तो बदलला नाही तर प्रोजेक्टच्या हिशोबानं पाचीजण गुरुवारी दिवसभर मीटिंगमध्येच बसलेत आणि त्याच गुरुवारी त्यांच्यावर वेल्डिंग पण लावलंय, मग लाल होणारच की. १ तास करा. तरी पण लाल खूण पूर्ण जाणार नाही कारण त्या तासात पण माणसावर दुसरं काम आहेच. म्हणून मी तर आढावा मीटिंगला माणसं असाईनच करत नाही, मीटिंगच्या तासांचा खर्च कुणी मागत असेल तरच करायचं. आणि लेव्हलिंग (जास्त काम झालेल्या माणसांची कामं प्रोजेक्टनं आपोआप पुढं ढकलणं) चालवत असाल तर मीटिंगची प्रायॉरिटी १००० ठेवा, १००० असलेल्या टास्कला लेव्हलिंग हात लावत नाही, नायतर गुरुवारची मीटिंग शनिवारी गेलेली दिसंल.

आता क्रिटिकल पाथचं. हे नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. प्रोजेक्ट काय करतं, फाईलमधलं सगळ्यात शेवटी संपणारं जे काम त्याच्यावरून उलटं मोजत येतं आणि कुठल्या कामाला किती सवड आहे ते काढतं. समजा तुमचं डिस्पॅच २० सप्टेंबरला संपतंय आणि मीटिंगची मालिका ३० सप्टेंबरपर्यंत लावलीय, तर प्रोजेक्टला वाटतं काम ३०लाच संपायचंय, म्हणजे हायड्रो टेस्टला बरेच दिवस सवड आहे. प्रत्यक्षात एक दिवसाची पण नाही! म्हणून मीटिंगची एंड बाय तारीख (मालिका संपायची तारीख) नेहमी शेवटच्या खऱ्या कामाच्या अलीकडं ठेवायची, आणि काम पुढं मागं सरकलं की ती पुन्हा बघायची. कारण रिकरिंग टास्कमधल्या प्रत्येक मीटिंगला 'स्टार्ट नो अर्लिअर दॅन' (या तारखेच्या आधी सुरू नको) हे बंधन आपोआप लागतं, तुमचं प्लेटचं मटेरियल आठ दिवस उशिरा आलं तर बाकीची जोडलेली कामं पुढं सरकतील पण मीटिंगा आपल्या तारखेला तिथंच राहतील. मीटिंगला ते बरोबरच आहे म्हणा. पण साप्ताहिक वेल्ड तपासणी किंवा पेंटच्या कोटाची तपासणी अशी कामाबरोबर सरकायला पायजेत ती कामं रिकरिंग म्हणून टाकू नका, साधी टास्क करून त्या त्या कामाला लिंक करा.

मिरज_अकाउंट्स:
जीएसटी पीएफ त्या फाईलमध्ये अजिबात टाकू नका भाऊ. कारखान्याची ऑर्डर संपली की ती फाईल बंद होणार, पण रिटर्न काय बंद होत नाहीत. आणि वर सरांनी सांगितलंय तसंच होईल, मार्चपर्यंतचे रिटर्न टाकले की प्रोजेक्टची शेवटची तारीख मार्च. मी हे सगळं साध्या कॅलेंडरला लावते. टीडीएस ७ तारीख (मार्चचा मात्र ३० एप्रिल), जीएसटीआर-१ ची ११, पीएफ ईएसआय १५, जीएसटीआर-३बी २०, हे मासिक रिटर्नवाल्यांचं, तिमाहीवाल्यांच्या तारखा वेगळ्या. पण रिमाईंडर शेवटच्या तारखेचा लावून उपयोग नसतो, काम सुरू करायच्या तारखेचा लावायचा. ११ ला रिटर्न भरायचा तर विक्रीची बिलं ५ तारखेला हातात पायजेत, म्हणून आमच्यात ५ ला "बिलं गोळा" आणि ११ ला "भरला का" अशा दोन वेगळ्या एंट्र्या आहेत आणि दोन्हीवर एकेकाच माणसाचं नाव आहे. सगळ्यांच्या नावावर टाकलं की कुणीच करत नाही हे लक्षात ठेवा.

अजून एक, महिनाअखेरीचं काम "दर महिन्याच्या ३१ ला" असं लावू नका. काही ॲपमध्ये ३१ नसलेला महिना सरळ गाळला जातो, काहीत ३० किंवा २८ ला येतो. "महिन्याचा शेवटचा दिवस" असा पर्याय असला तर तो घ्या, नसला तर १ तारखेला लावा.

कराड_मेंटेनन्स:
मशीनचं मी सांगतो, यात लोक लय गल्लत करत्यात. परत परत येणारी कामं तीन जातीची असतात. एक तारखेला चिकटलेली, जशी ताईंनी सांगितली, १५ ला पीएफ म्हणजे १५ ला, मागचा उशिरा भरला म्हणून पुढचा उशिरा चालत नाही. दुसरी मागचं काम कधी झालं त्यावर मोजायची. ग्रीसिंग दर १५ दिवसांनी आहे आणि या वेळी कामाच्या गडबडीत पाच दिवस उशीर झाला, तर पुढचं ग्रीसिंग झालेल्या दिवसापासून १५ दिवसांनी यायला पायजे. तारखेला बांधून ठेवलं तर दहाच दिवसांत परत येतं, माणूस म्हणतो आत्ताच तर केलंय आणि न करताच टिक मारतो. एकदा ती सवय लागली की त्या यादीवर कुणाचा विश्वास राहत नाही, मग खरंच राहिलेलं काम पण तसंच टिक होऊन जातं, आणि बेअरिंग जाम झाल्यावर कळतं. टोडोइस्ट या कामाच्या यादीच्या ॲपमध्ये नुसतं "एव्हरी" लिहिलं तर तारखेवरून मोजतंय आणि "एव्हरी" ला लागून उद्गारचिन्ह टाकलं तर पूर्ण केलेल्या दिवसावरून, एवढ्या एका चिन्हात सगळं आहे. असाना ॲपमध्ये पण काम पूर्ण केल्यावर अमुक दिवसांनी असा पर्याय मिळतो. तुम्ही जे काय वापरताय त्यात हे दोन्ही मिळतंय का ते आधी तपासा, बाकीचे रंगीत तक्ते नंतर बघू.

तिसरी जात आकड्यावरची, मशीनला तो आकडा म्हणजे चालू तास. कंप्रेसरचं ऑईल मॅन्युअलमध्ये चालू तासांवर दिलेलं असतं, महिन्यावर नाही. ऑफ सीझनला तुमचा कंप्रेसर दोन शिफ्ट पळणार आणि सीझन चालू झाला की निवांत, मग "दर तीन महिन्यांनी" लावून कसं जमंल? तिथं दर सोमवारी अवरमीटरचं (मशीन किती तास चाललं ते दाखवणारं मीटर) रीडिंग लिहायचं एवढंच रिकरिंग ठेवा, तास भरत आले की ऑईलचं काम हातानं काढा. क्रेनची वर्षाची तपासणी मात्र पहिल्या जातीतली, सर्टिफिकेटवरची तारीख बघून महिनाभर आधी लावा म्हणजे तपासणीवाल्याची वेळ मिळते.

आणि तुमचं गोडाऊन नदीकडं असंल तर पावसाळ्यातलं सामान हलवायचं काम पण तिसऱ्या जातीतच धरा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटाला इशारा आणि ४५ फुटाला धोका पातळी, तर "जूनपासून रोज पातळी बघणे" हे रिकरिंग, आणि सामान हलवणं पातळीवर.

कुपवाड_फॅब्रिकेशन:
लय भारी माहिती दिलीत सगळ्यांनी, मनापासून आभार. ड्युरेशन खरंच १ दिवस होती, तास केला आणि एंड बाय अलीकडं घेतली तर क्रिटिकल पाथमध्ये हायड्रो टेस्ट वर आली. अजून दोन गोष्टी विचारतो. गुरुवारी सणाची सुट्टी आली तर मीटिंगचं काय होतं? आणि मालकांना एका जागी बघायचं असतं त्याला काय करू?

सातारा_प्लॅनर:
सुट्ट्या प्रोजेक्टच्या कॅलेंडरमध्ये आधी भरल्या असतील तर रिकरिंग टास्क तयार करतानाच प्रोजेक्ट विचारतं, यस म्हटलं की ती मीटिंग पुढच्या कामाच्या वेळेवर जाते, नो म्हटलं की तेवढी गाळली जाते. आढावा असला तर यस करा. म्हणून गणपती दिवाळीच्या सुट्ट्या पहिल्यांदा भरा, मालिका नंतर.

मालकांसाठी फाईली एक करायची गरज नाही. दर सोमवारी सकाळी या आठवड्याचं एक पान काढा, त्यात ऑर्डरची कामं प्रोजेक्टमधून, रिटर्न कॅलेंडरमधून आणि मशीनची यादी मेंटेनन्सकडून घ्या. दोन सोमवार करून बघा आणि मालक कुठली ओळ विचारत्यात ते इथं कळवा, त्यावरून पान बारीक करता येईल.