महाविद्यालयात शिकवण्याची प्रेरणा कुठून यावी: कृतज्ञतेतून, विषयातून की विद्यार्थ्यांच्या चुकांतून?

समासटीप (चर्चाप्रस्ताव):

महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांसमोर प्रेरणेविषयी जी भाषणे होतात, त्यांचा सूर ठरलेला असतो. आपण पिढी घडवत आहोत, आज मागे बसून जांभया देणारा विद्यार्थी काही वर्षांनी आवर्जून भेटायला येईल आणि त्या एका भेटीत सगळ्या श्रमांचे चीज होईल, असे त्यांना सांगितले जाते. अशा भेटी होतात आणि त्यांचा आनंदही खरा असतो. परंतु सगळी नोकरी त्या आशेवर काढता येत नाही. कृतज्ञता उशिरा येते, मोजक्यांकडून येते आणि पुष्कळदा आपण काय शिकवले यापेक्षा आपण कसे वागलो, याबद्दलच ती असते. महाविद्यालयीन शिक्षकाला पुरून उरेल अशी प्रेरणा विद्यार्थ्यांच्या चुकांमध्ये असते, असे माझे मत आहे. एखादी हुशार व्यक्ती एखादी गोष्ट नेमकी कुठे आणि का चुकीची समजते, याचे कुतूहल ज्याला आहे, त्याला हा व्यवसाय कंटाळवाणा होत नाही.

हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. विद्यार्थी त्यांना उत्तम अभिप्राय देत आणि परीक्षेतली अवघड गणितेही सोडवत. 1990च्या सुमारास त्यांनी डेव्हिड हेस्टेनिस व सहकाऱ्यांनी तयार केलेली एक चाचणी आपल्या वर्गाला दिली. तिच्यात आकडेमोड नव्हती, केवळ संकल्पनांची परीक्षा होती. जड ट्रक आणि लहान मोटार यांची धडक झाली तर कोण कोणावर अधिक बल लावते, अशा धाटणीचे हे प्रश्न असतात. दोन्हींची एकमेकांवरची बले सारखीच असतात असे सांगणारा न्यूटनचा तिसरा नियम ज्यांना तोंडपाठ असतो, त्यांतलेही अनेक जण येथे ट्रकचे नाव घेतात. चाचणी सोडवताना वर्गातून विचारणा झाली की उत्तरे तुम्ही शिकवले त्याप्रमाणे लिहायची की आम्ही एरवी विचार करतो त्याप्रमाणे. माझूर यांनी 1991पासून व्याख्यानाच्या मधोमध प्रश्न टाकून विद्यार्थ्यांना आपापसांत वाद घालायला लावण्याची पद्धत सुरू केली, तिचे मूळ या अनुभवात आहे.

मी संख्याशास्त्र शिकवतो. नमुन्यावरून समष्टीच्या, म्हणजे ज्याचा अभ्यास करायचा त्या संपूर्ण समूहाच्या, सरासरीसाठी अंतराल, म्हणजे दोन आकड्यांमधला पट्टा, काढायला सांगितला की उत्तरपत्रिकांत दर वर्षी एक वाक्य हमखास सापडते: ‘समष्टीची खरी सरासरी या अंतरालात असण्याची शक्यता 95 टक्के आहे.’ सूत्र बरोबर असते, आकडेमोड बरोबर असते आणि अर्थ मात्र चुकलेला असतो. कारण ते 95 टक्के समोरच्या एका अंतरालाचे नसून, पुन्हा पुन्हा नमुने घेतल्यास ज्या रीतीने असे अंतराल काढले जातात, त्या रीतीचे असतात. गुण कापून पुढे जाता येते. पण एकदा कारण शोधायला लागले की लक्षात येते, विद्यार्थ्याने आळस केलेला नाही, त्याला जे खरोखर जाणून घ्यायचे आहे त्याचेच उत्तर त्याने लिहिले आहे आणि आपली पद्धत ते उत्तर देतच नाही. पुढच्या वर्षीचा तास मी या वाक्यापासूनच सुरू करतो. अशा कामासाठी कुणाच्या कौतुकाची वाट पाहावी लागत नाही.

तासिकातत्त्व:

प्रस्ताव सुरेख लिहिला आहे, परंतु तो कायम नेमणुकीच्या खुर्चीत बसून लिहिला आहे, हे नम्रपणे नोंदवतो. मी तासिका तत्त्वावर शिकवतो. मला वर्गात उभे राहिल्याचे पैसे मिळतात. तासाची तयारी, उत्तरपत्रिकांच्या समासात लिहिलेले शेरे आणि तास संपल्यावर व्हरांड्यात गाठणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शंका यांचे मिळत नाहीत. तुम्ही ज्याला प्रेरणेचा स्रोत म्हणता, ते सारे काम नेमके या बिनपगारी भागात मोडते.

ध्येयाची भाषा निरुपद्रवी नसते, याचा एक चांगला अभ्यास उपलब्ध आहे. स्टुअर्ट बंडरसन आणि जेफ्री थॉम्पसन यांनी 2009 मध्ये प्राणिसंग्रहालयात प्राण्यांची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. हे काम आपल्या जन्माचेच आहे असे ज्यांना वाटत होते, त्यांना कामात अधिक अर्थ सापडत होता, यात शंका नाही. पण तेच लोक कमी पगार, जादा वेळ आणि गैरसोय सोसायला अधिक तयार होते आणि त्यांच्या या निष्ठेचा फायदा उठवणे व्यवस्थापनाला सोपे जात होते. प्राण्यांच्या जागी विद्यार्थी ठेवा, वर्णन फारसे बदलणार नाही. सत्राच्या मध्यावर एखादा वाढीव वर्ग घ्यायचा असतो तेव्हा विभागप्रमुख मानधनाविषयी बोलत नाहीत, मुलांच्या नुकसानीविषयी बोलतात. ज्याला मुलांची खरोखर काळजी आहे तो मान डोलावतो, आणि ज्याला नाही तो मोकळा सुटतो.

तेव्हा प्रेरणा कुठून यावी, हा प्रश्न शिक्षकाला विचारण्याआधी ती कोण आणि कशी खर्ची घालतो, हे पाहायला हवे. बर्नआउटवर, म्हणजे कामाच्या ताणाने पार खचून जाण्यावर, संशोधन करणाऱ्या क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन अंगे सांगितली आहेत: भावनिक थकवा, समोरच्या माणसांविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काहीच घडत नाही ही भावना. शंभरावर विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येक चुकीचे मूळ शोधायला निघालेला शिक्षक पहिल्या अंगाकडून दुसऱ्याकडे किती लवकर पोहोचतो, हे मी सहकाऱ्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

जुना अभ्यासू:

वेतनाचा मुद्दा गंभीर आहे, पण मूळ प्रस्तावाशी माझा मतभेद निराळ्या कारणासाठी आहे. महाविद्यालय म्हणजे मोठ्या मुलांची शाळा नव्हे. 1810 मध्ये बर्लिनचे विद्यापीठ सुरू झाले, त्यामागे प्रशियाचे शिक्षणसुधारक विल्हेल्म फोन हुम्बोल्ट यांची धारणा होती की उच्च शिक्षणात शिक्षक विद्यार्थ्यासाठी नसतो, दोघेही ज्ञानासाठी असतात. मला ही धारणा आजही पटते. विद्यार्थ्यांच्या चुका अभ्यासण्यात आयुष्य घालवणारा प्राध्यापक चुकांचा तज्ज्ञ होईल, परंतु विषय मात्र त्याच्या हातून निसटेल. विषयात स्वतः धडपडणारा माणूस वर्गात उभा राहतो तेव्हा तो न सांगताही बरेच काही शिकवून जातो.

आणखी एक. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी 1917 मध्ये म्युनिकच्या व्याख्यानात तरुणांना बजावले होते की वर्गात शिक्षक शोधा, नेता किंवा प्रेषित शोधू नका. ‘पिढी घडवणे’, ‘आयुष्य बदलणे’ ही भाषा ऐकली की मला या इशाऱ्याची आठवण होते. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांचे उदाहरण दोन्ही बाजूंना लागू पडते. केवळ संशोधन करण्याची, विद्यार्थी नसलेली जागा त्यांना नको होती, कारण नवे काही सुचत नसेल अशा काळातही शिकवणे माणसाला विषयाच्या मुळाशी नेत राहते, असे ते म्हणत. आणि 1961 ते 1963 या काळात अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत दिलेली त्यांची व्याख्याने जगभर गाजली असली, तरी छापील आवृत्तीच्या प्रस्तावनेत विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ती फारशी यशस्वी ठरली नाहीत, अशीच शंका त्यांनी व्यक्त केली. ती व्याख्याने विषयाच्या प्रेमातून आली होती. वर्गातल्या निकालाने त्यांचे मोल कमी झाले, असे मी तरी मानणार नाही.

त्रिज्या:

‘जुना अभ्यासू’ यांच्या प्रतिसादातले पहिले गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे. संशोधनात रमलेला प्राध्यापक आपोआप चांगला शिकवतो, ही समजूत प्राध्यापकांमध्ये फार प्रिय आहे. कारण तिच्यामुळे अध्यापनाचा वेगळा विचार करण्याची गरजच उरत नाही. जॉन हॅटी आणि हर्बर्ट मार्श यांनी 1996 मध्ये 58 अभ्यास एकत्र करून संशोधन आणि अध्यापन यांतील सहसंबंध काढला, तो 0.06 इतका आला. याचा अर्थ दोन्ही गोष्टी परस्परविरोधी आहेत असाही नाही. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. शोधणे आणि शिकवणे या दोन स्वतंत्र देणग्या आहेत, असे विद्यापीठाच्या कल्पनेवर लिहिणारे इंग्रज धर्मचिंतक जॉन हेन्री न्यूमन यांनी एकोणिसाव्या शतकातच म्हटले होते.

‘समासटीप’ यांच्याशीही माझा थोडा वाद आहे. कृतज्ञतेला त्यांनी फारच लवकर बाजूला सारले. अ‍ॅडम ग्रँट यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्यांपैकी काही जणांची, त्या निधीतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही मिनिटे भेट घडवून आणली. महिन्याभरानंतरही त्या गटाचा फोनवरचा वेळ आणि जमवलेली रक्कम दुपटीहून अधिक होती. ज्यांची अशी भेट झाली नाही, त्यांच्यात असा बदल दिसला नाही. आपले काम कुणापर्यंत पोहोचते, हे डोळ्यांनी दिसण्याला महत्त्व आहे. आपल्याकडे मात्र विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, हे कळण्याचा मार्ग योगायोगाखेरीज दुसरा नसतो, आणि अभिप्रायाच्या फॉर्मवरच्या पाचपैकी चार या आकड्याला भेटीची सर येत नाही.

मागचा बाक:

मी शिक्षक नाही, अलीकडेच पदवी घेतलेला विद्यार्थी आहे. माझी चूक ही कुणाच्या तरी प्रेरणेचा साठा आहे, हे वाचून जरा दचकलो, हे कबूल केले पाहिजे. पण तक्रार त्याबद्दल नाही. वर्गात आम्हाला वाद घालायला लावणारे शिक्षक आम्हाला आवडत नव्हते, ही वस्तुस्थिती आहे. सरांनी स्वतः नीट समजावून सांगावे, अशीच आमची अपेक्षा असे. 2019 मध्ये हार्वर्डच्याच भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या एका अभ्यासात हेच दिसले: सहभाग घ्यावा लागलेल्या विद्यार्थ्यांनी चाचणीत अधिक गुण मिळवले आणि तरीही आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. मग ज्या शिक्षकाची पुढची नेमणूक आमच्या अभिप्रायावर ठरते, त्याला ही प्रेरणा परवडावी कशी?

समासटीप:

‘मागचा बाक’ यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला आणखी एका अभ्यासाची जोड देतो. स्कॉट कॅरल आणि जेम्स वेस्ट यांनी 2010 मध्ये अमेरिकी हवाईदल अकादमीतील आकडेवारी मांडली. तेथे विद्यार्थी कोणत्या शिक्षकाच्या वर्गात बसणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते, त्यामुळे तुलना स्वच्छ होते. ज्या शिक्षकांना चांगले अभिप्राय मिळाले, त्यांच्या विद्यार्थ्यांचे त्या अभ्यासक्रमातले गुण चांगले होते; पुढच्या, त्याच विषयावर आधारलेल्या अभ्यासक्रमात मात्र ते तुलनेने मागे पडले. म्हणूनच मी कौतुकावर विसंबू नका असे म्हणतो. ग्रँट यांच्या प्रयोगातही देणगी मागणाऱ्याने काम काय केले, याचा दर्जा ती भेट ठरवत नव्हती, उमेद तेवढी वाढवत होती.

तासिका तत्त्वाविषयी इतकेच म्हणेन की अन्यायाविरुद्ध लढायलाच हवे, पण तो दूर होईपर्यंत कुतूहल गुंडाळून ठेवले तर नुकसान पहिल्यांदा शिक्षकाचेच होते. पगार कमी म्हणून विचारही कमी करायचा, हा हिशेब मला पटत नाही.

तासिकातत्त्व:

हिशेब विचाराचा नाही, सलगतेचा आहे. तुम्ही ‘पुढच्या वर्षीचा तास मी या वाक्यापासून सुरू करतो’ असे लिहिले, आणि मला पुढच्या वर्षी तो विषय मिळेल की नाही हे सत्र सुरू होण्याच्या आठवड्यात कळते. हवाईदल अकादमीच्या उदाहरणात शिकवण्याचा खरा परिणाम पुढच्या अभ्यासक्रमात दिसला. माझे विद्यार्थी पुढच्या अभ्यासक्रमात कसे वागले, हे मला कधीच दिसत नाही, कारण तोवर मी दुसऱ्या महाविद्यालयात दुसरे काही शिकवत असतो. तुमच्या प्रकारची प्रेरणा मला हवीशी वाटते, पण तिला एकच विषय, तेच विद्यार्थी आणि निदान दोन सलग सत्रे लागतात, आणि या तिन्ही गोष्टी नेमणुकीच्या आदेशावर अवलंबून असतात. उत्तरपत्रिका तपासण्याचा वेळ कामाच्या तासांत धरावा आणि पायाभूत अभ्यासक्रम शिकवणाऱ्यालाच त्याच तुकडीचा पुढचा अभ्यासक्रम द्यावा, एवढ्या दोन मागण्या विभागाच्या बैठकीत कायम नेमणुकीच्या प्राध्यापकांनी मांडल्या, तर मी हा वाद आनंदाने सोडून देईन. आम्हाला त्या बैठकीला बोलावत नाहीत.