माकडाच्या बोटांचे स्नायू: फक्त स्लो फायबर नाहीत

वर कोणीतरी लिहिलंय की माकडं फांदीला इतका वेळ लटकून राहतात म्हणजे त्यांच्या बोटांच्या स्नायूत सगळे स्लो फायबरच (हळू आकुंचणारे, लवकर न थकणारे स्नायूतंतू) असणार. हे मला पटत नाही.

मुळात बोटात स्नायू नसतातच हो, बोटात येतात ते टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या. मिटायची ताकद देणारे मोठे स्नायू कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला असतात आणि बारीक हालचालींचे छोटे, म्हणजे लम्ब्रिकल आणि इंटरॉसियस, तळहातात. आणि दोन्हीकडे स्लो (टाइप १) आणि फास्ट (टाइप २, झटकन जोर देणारे पण लवकर थकणारे) फायबर मिसळलेलेच असतात. एटीपेजचा (स्नायूतल्या एका एन्झाइमचा) स्टेन म्हणजे रंग लावलेला स्नायूचा आडवा काप एकदा मायक्रोस्कोपखाली बघा, रंगाआधी अल्कलीतून (आम्लाच्या उलट द्रावणातून) काढलेला असेल तर फास्ट गडद आणि स्लो फिकट दिसतात, शेजारी शेजारी, बुद्धिबळाच्या पटासारखे, फार सुंदर दिसतं ते!

एक मोटर न्यूरॉन (स्नायूला हुकूम देणारी चेतापेशी) ज्या फायबरना चालवतो ते सगळे एकाच टाइपचे असतात पण एका जागी गठ्ठ्याने नसतात, पसरलेले असतात, म्हणून हा पट दिसतो. जोर लावताना आधी छोटे न्यूरॉन जागे होतात म्हणजे स्लो फायबर, मग जोर वाढेल तसे फास्ट. त्यामुळे मकाक माकड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दुसऱ्याच्या केसातली ऊ धरतं तेव्हा मुख्यतः स्लो युनिटवर (छोटा न्यूरॉन आणि त्याचे स्लो फायबर) काम भागतं, पण झेप घेऊन फांदी पकडली की फास्टवाले लागणारच.

आणि चिमटीतली सफाई फायबरपेक्षा नर्व्हमुळे जास्त आहे असं माझं मत, मकाकमध्ये मेंदूच्या कॉर्टेक्सपासून (बाहेरच्या थरापासून) बोटांच्या मोटर न्यूरॉनपर्यंत थेट जोडण्या असतात.