दर आठवड्याच्या तंत्रज्ञान-बातम्यांतून कामाचे तेवढे कसे वेचावे?

मरोळनाका (प्रश्न)

नमस्कार. अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीतील एका मध्यम आकाराच्या उत्पादक कंपनीचा आयटी विभाग मी सांभाळतो. दोनशे दहा संगणक, चौदा सर्व्हर, दोन फायरवॉल (बाहेरून नेटवर्कमध्ये येणारी वाहतूक तपासणारी उपकरणे) आणि भिवंडीच्या गोदामातली बारकोडची यंत्रे एवढा पसारा असून, तो पाहायला मी धरून आम्ही तिघे आहोत.

गेल्या महिन्यात आमच्या फायरवॉलच्या निर्मात्याने फर्मवेअरमधील, म्हणजे उपकरणात बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमधील, एका गंभीर त्रुटीची सूचना जाहीर केली आणि ती मला अकराव्या दिवशी, तीही आमच्या लेखापरीक्षकांच्या ईमेलमधून कळली. त्या अकरा दिवसांत कोणी आत शिरले नव्हते, एवढे मी रात्री दोन वाजेपर्यंत लॉग (यंत्रांनी आपोआप ठेवलेल्या नोंदी) चाळून नक्की केले; पण जी गोष्ट सर्वांत आधी मला ठाऊक असायला हवी होती ती बाहेरच्या माणसाकडून समजावी, हे मनाला फार लागले. मी वाचत नाही असे नाही. डोंबिवलीहून घाटकोपरपर्यंत लोकलमध्ये आणि पुढे मेट्रोत रोज तासभर वाचन होते, सहा न्यूजलेटर येतात, शिवाय आमचे मालक व्हॉट्सॲपवर आलेली एखादी बातमी पुढे पाठवून ‘हे आपल्याला लागू आहे का?’ असे विचारतात, तेव्हा तीही वाचतो. तरीही नेमके हवे ते निसटते. आपण मंडळी आठवड्याला किती वेळ देता, काय वाचता आणि वाचलेले कामात कसे उतरवता?

ठाणेपूर्व

आपल्या प्रश्नातच उत्तराची एक बाजू आहे. मालक जो प्रश्न विचारतात तोच प्रत्येक बातमीला विचारायचा असतो, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी आपल्याकडे काय काय आहे याची अद्ययावत यादी हाताशी लागते. एकट्या २०२४ या वर्षात सीव्हीई क्रमांक (जाहीर झालेल्या त्रुटीला मिळणारा जागतिक ओळख-क्रमांक) मिळालेल्या त्रुटींची संख्या ४० हजारांच्या आसपास होती. त्या सगळ्या वाचणारा माणूस कोणत्याही कार्यालयात सापडणार नाही. पण आपल्या फायरवॉलचे मॉडेल, त्यावरील फर्मवेअरची आवृत्ती, डेटाबेस, बॅकअपचे सॉफ्टवेअर, हजेरीचे यंत्र अशा चाळीस-पन्नास नोंदींची शीट असली, तर त्या ढिगातून आपले काय ते थोड्या वेळात वेगळे काढता येते. मी सुरुवातीची पाच वर्षे यादीविना वाचत होतो आणि ते सगळे वाचन वाया गेले, असे आज प्रामाणिकपणे म्हणेन.

आमच्याकडे वाचनाचा वार बुधवार आहे, आणि त्याला कारण आहे. मायक्रोसॉफ्टचे मासिक पॅच, म्हणजे त्रुटी दुरुस्त करणारी अपडेट, ऑक्टोबर २००३ पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, अमेरिकेतील हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे बुधवारी सकाळी कार्यालयात पोहोचेपर्यंत यादीही आलेली असते आणि जगभरच्या प्रशासकांचे पहिले अनुभवही दिसू लागतात. आम्ही त्या दिवशी सहा संगणकांवर पॅच चढवतो, त्यातला एक लेखा विभागातला असतो, कारण छपाईची तक्रार सर्वांत आधी तिथूनच येते. दोन दिवस तक्रार आली नाही की मग बाकीच्या संगणकांवर.

बुधवारी साडेनऊ ते सव्वादहा फोन बाजूला ठेवून आम्ही दोघे बसतो. माझी सहकारी मथळा वाचते आणि मी शीट उघडून पाहतो. वहीत पाच रकाने आहेत: तारीख, बातमी, आपल्याकडे आहे का, कोण पाहणार, कधीपर्यंत. ‘नाही’ हे उत्तरही आम्ही लिहून ठेवतो, कारण तीन महिन्यांनी तीच बातमी कोणीतरी नव्याने पाठवतो आणि तेव्हा वहीचे पान दाखवता येते. क्रम ठरलेला आहे: आधी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या सूचना, मग आपल्या उत्पादनांच्या निर्मात्यांची सुरक्षा-पाने, मग अमेरिकेच्या सीसा या संस्थेची प्रत्यक्ष गैरवापर होत असलेल्या त्रुटींची सूची. ही सूची नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. तिच्यातल्या मुदती तिथल्या सरकारी खात्यांसाठी असल्या, तरी त्या सूचीत आपल्या शीटमधले नाव दिसले की आम्ही हातातले दुसरे काम थांबवतो. बातम्यांची संकेतस्थळे सर्वांत शेवटी, आणि वेळ उरला तरच.

उरणकर

ठाणेपूर्व यांच्या म्हणण्याला एक उदाहरण जोडतो. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या सायबर हल्ल्यामुळे न्हावाशेवा येथील एका कंटेनर टर्मिनलचे संगणकीय काम बंद पडले होते. तेव्हा मी मालवाहतुकीच्या एका कार्यालयात होतो. बाहेर कंटेनरच्या गाड्यांची रांग वाढत होती आणि आम्ही कागदावर रेघा आखून गाड्यांचे क्रमांक हाताने उतरवत होतो. त्या हल्ल्याने विंडोजमधील ज्या त्रुटीचा उपयोग केला तिचा पॅच १४ मार्चला, म्हणजे १०५ दिवस आधी निघालेला होता, आणि मधल्या काळात १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणी मागणारा सायबर हल्ला त्याच त्रुटीतून होऊन गेल्यामुळे सगळ्या वर्तमानपत्रांत तिची चर्चाही झालेली होती. अर्थात नॉटपेट्या चोरलेल्या पासवर्डच्या आधारेही पसरत असे, त्यामुळे केवळ पॅच लावून सगळेच वाचले असते असे मी म्हणणार नाही. परंतु त्या दिवशी आमच्या कार्यालयात जेव्हा विचारले गेले की आपल्या किती संगणकांवर तो पॅच आहे, तेव्हा एकालाही आकडा सांगता आला नाही. बातमी मात्र सर्वांनी वाचलेली होती.

मरोळनाका

दोघांचेही मनापासून आभार. बुधवारची पद्धत पटली. पण एखादी गोष्ट गुरुवारी बाहेर आली तर ती पुढच्या बुधवारपर्यंत थांबेल का?

ऐरोलीसेक्टर

थांबणार नाही, म्हणून तातडीच्या सूचना आणि आठवड्याचे वाचन या दोन वाटा वेगळ्या ठेवाव्यात. लॉगफोरजे या असंख्य प्रणालींत लॉग लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमधील त्रुटीमुळे जगभर धावपळ सुरू झाली तो १० डिसेंबर २०२१ हा शुक्रवार होता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीचे सदोष अपडेट १९ जुलै २०२४ रोजी आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी सुटले आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतले गेले; तेवढ्या अवधीत सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांना फटका बसला होता. तोही शुक्रवारच. अशा वेळी साप्ताहिक वाचनाचा उपयोग नाही.

आमच्याकडे निर्मात्यांच्या, सर्ट-इनच्या आणि सीसाच्या सूचना एका सामाईक मेलबॉक्समध्ये येतात. एकाच व्यक्तीच्या खात्यावर त्या येऊ देऊ नका, कारण नेमकी तीच व्यक्ती गावी गेलेली असते. मेलबॉक्सवर एकच नियम लावला आहे: विषयात आपल्या शीटमधले नाव आणि ‘क्रिटिकल’ (अतिगंभीर) हा शब्द दोन्ही असतील, तर पाळीवर असलेल्या माणसाच्या फोनची घंटा वाजते. इतर सर्व बुधवारची वाट पाहते. याला कायद्याचीही बाजू आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. आपण लॉग चाळून खात्री करू शकलात, ती ते जपलेले होते म्हणूनच.

आणखी एक. वाचून झालेली बातमी पुन्हा पाहण्याची सोय वहीत ठेवा. लॉगफोरजेची २.१५.० ही दुरुस्त आवृत्ती आल्यानंतर त्याच महिन्यात २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ या आवृत्त्या काढाव्या लागल्या. पहिली लावून ‘काम झाले’ असा शेरा मारलेल्या कितीतरी जणांना तेच काम पुन्हा करावे लागले.

लोअरपरळ

सगळी चर्चा सुरक्षेवर चालली आहे, म्हणून पैशाच्या बातम्यांबद्दल थोडे लिहितो. त्या वाचायला आयटीतली माणसे कंटाळतात आणि मग मार्चमध्ये व्यवस्थापनासमोर अडचणीत येतात. ब्रॉडकॉम या कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवण्याचे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) ताब्यात घेतली आणि डिसेंबरमध्येच कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद केल्याचे जाहीर केले. ज्यांनी ती बातमी त्याच आठवड्यात वाचली, त्यांना एप्रिलपासूनच्या अंदाजपत्रकात तरतूद मागता आली. इतरांना ती रिन्यूअलच्या कोटेशनमधून समजली. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार, म्हणजे निर्मात्याकडून मिळणाऱ्या नियमित दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार, हे तर कित्येक वर्षे आधीपासून जाहीर होते. संकेतस्थळांच्या सुरक्षा-प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवसांची होती. एप्रिल २०२५ मध्ये ठरल्याप्रमाणे १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ मध्ये ४७ दिवस होते. जी प्रमाणपत्रे आजवर कोणीतरी वर्षातून एकदा हाताने बदलत आला, त्यांच्यासाठी स्वयंचलित व्यवस्था उभारावी लागेल, आणि तिचा खर्च आताच मांडायला हवा. अशा तारखा मी वहीत न लिहिता थेट विभागाच्या कॅलेंडरवर टाकतो, सहा महिने आधीच्या आठवणीसह. नवी उत्पादने, नवी एआय साधने यांच्या घोषणा मात्र महिनाभर मुरू देतो. तेवढ्यात त्यांच्या किमती आणि अटी स्पष्ट होतात, आणि त्या न वाचल्याने आजवर माझे काही अडलेले नाही.

मरोळनाका

सर्वांचे आभार. कालपासून शीट करायला घेतली. सत्तावन्न नोंदी झाल्या, त्यांतील एकोणीस उपकरणांची फर्मवेअर आवृत्ती आम्हां तिघांपैकी कोणालाही सांगता येत नव्हती. सहा न्यूजलेटरपैकी चार बंद केली आहेत आणि सामाईक मेलबॉक्स आज दुपारी सुरू झाला. भिवंडीत छताजवळ लावलेल्या एका वायफाय उपकरणाचे मॉडेल कागदपत्रांत कुठेच सापडत नाही, तेव्हा उद्या सकाळी शिडी लावून त्याच्या मागचे लेबल वाचून येतो आणि इथेच कळवतो.