जैसलमेर: किल्ल्यात राहावं की खाली?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. डिसेंबरअखेरीस जैसलमेरला निघालोय. मी, नवरा, सातवीतली मुलगी आणि सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. हाताशी दोन रात्री आहेत. टूरवाल्यांनी एक रात्र किल्ल्यातल्या हॉटेलात आणि एक सम या गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांतल्या तंबूत असं सुचवलंय. किल्ल्यात राहायचं फार मनात होतं, पण मैत्रीण म्हणाली नको. का नको, ते तिला नीट सांगता आलं नाही. आणि उंट, वाळू, फोटो यापलीकडे मुलीला काय दाखवू? तिला इतिहासाची गोडी आहे.

पाटकरी_धुळे

ताई, खाली राहा. अख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात गेल्यामुळे कुठल्याही गावात मी आधी पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते बघतो. जैसलमेर तर त्याशिवाय कळतच नाही.

रावळ जैसलने ११५६ मध्ये हे गाव वसवलं. किल्ल्याखालच्या त्रिकूट टेकडीच्या पोटात मऊ, चिकणमातीचे थर आहेत. पाऊस वर्षाला जेमतेम १५-२० सेंटीमीटर, त्यामुळे शतकानुशतकं या मातीने कुणाला त्रास दिला नाही. पाणी डोक्यावरून वर जायचं, म्हणून जपून वापरलं जायचं. पावसाचं जे काही पडेल ते घुटनाळ्यांतून, म्हणजे पावसाचं पाणी काढायच्या जुन्या नाल्यांतून, तटाबाहेर निघायचं. मग नळ आले, संडास-बाथरूम आली, हॉटेलं आली. सांडपाणी झिरपलं, खालची माती फुगली, सरकली. १९९० च्या दशकात बुरूज ढासळले आणि १९९६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने किल्ल्याचं नाव धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातलं. २०१३ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही आहे. दुरुस्तीची, गटारांची कामं झाली आहेत, तरी वर जितकं कमी पाणी सांडेल तितकं बरं.

तटाच्या कडेने एकदा पायी चाला. मला एका ठिकाणी पिवळ्या दगडावर कमरेएवढ्या उंचीपर्यंत पांढरी खारवट पुटं दिसली. बोट फिरवलं तर दगडाची पूड हाताला आली. वाळवंटातल्या भिंतीला ओल धरलेली बघून जीव तुटला. हे मुलीला जरूर दाखवा.

दुसरं, गडीसर. बोटिंगच्या रांगेत वेळ घालवू नका. चौदाव्या शतकात महारावळ गडसीने हा तलाव बांधून काढला आणि नळ येईपर्यंत गाव त्यावर जगलं. आजूबाजूच्या माळावरचं पाणी तलावाकडे वळवलेलं असतं, त्या माळाला तिथे आगोर म्हणतात. तो स्वच्छ ठेवायचा हा गावाचा दंडक होता. काठावर उभं राहून जमिनीचा उतार कुणीकडे आहे ते मुलीला शोधू द्या.

तिसरं, कुलधरा. पालीवाल ब्राह्मणांचं ओसाड गाव, शहरापासून १८-२० किलोमीटर. गाईड शापाची आणि भुताची गोष्ट सांगतील. ती ऐका, पण त्या माणसांनी केलेली खडीन नावाची शेती बघायला विसरू नका. उताराच्या तळाशी लांबलचक मातीचा बांध घालायचा, खडकाळ माळावरचं पावसाचं पाणी त्यामागे अडवायचं, ते मुरू द्यायचं आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घ्यायचा. ना विहीर, ना मोट. आमच्या पांझरा नदीवरच्या फडांवर, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी वाटून घेणाऱ्या जुन्या सिंचनपद्धतीवर, मी आयुष्यभर प्रेम केलं, पण एवढ्याशा पावसात गहू पिकवणाऱ्यांपुढे मी हात जोडतो.

मरुभूमीतली_मराठी

मिस्टरांच्या बदलीमुळे इथे राहते. काकांचं मुक्कामाबद्दलचं म्हणणं पटतं, मीही पाहुण्यांना खालीच उतरवते. पण किल्ल्यात आजही काही हजार माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. काहींची चूल पाहुण्यांवरच चालते. त्यामुळे मुक्काम खाली करा, पण सकाळ वर घालवा, खरेदी आणि चहा-नाश्ता तिथल्याच लोकांकडे करा.

सासूबाईंसाठी: चढ फार मोठा नाही, पण फरशीचे दगड पावलांनी गुळगुळीत झालेत. चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत. जैन मंदिरांत पर्यटकांना सकाळीच सोडतात, म्हणून आधी तिथे जा. चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवावं लागतं.

मुलीसाठी पटवों की हवेली. गुमानचंद पटवा यांनी पाच मुलांसाठी पाच हवेल्या बांधायला घेतल्या, काम १८०५ च्या सुमारास सुरू झालं. जरीकाम, अफू, सावकारी, सगळा पैसा उंटांच्या काफिल्यांवर आलेला. झरोक्याची जाळी जवळून बघा, दगड इतका पातळ कोरलाय की ऊन पलीकडून उजळून येतं. आतले जिने उभे आहेत, सासूबाईंना अंगणातच बसवा. मुलीला एक आवर्जून सांगा: या गावाचा व्यापार ओसरला त्यात आपल्या मुंबईचा हात आहे. माल मुंबई बंदरातून बोटीने जायला लागला, काफिले आटले, आणि १९४७ मध्ये सिंधची वाट कायमची बंद झाली.

समच्या तंबूंत मोठ्या आवाजात गाणी चालतात आणि डिसेंबरची रात्र म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही. दुपारी उशिरा जा, सूर्यास्त बघा, परत या. मांगणियार या इथल्या पिढीजात लोकगायकांचं गाणं ऐकायचं असेल तर ‘कमायचा’ हे त्यांचं गजाने वाजवायचं तंतुवाद्य वाजवणारा कोण आहे ते विचारून बैठक ठरवा. जेवणात केर-सांगरीची (वाळवंटातल्या फळा-शेंगांची) भाजी आणि बाजरीची भाकरी, नंतर घोटुआ लाडू.

गोदाकाठची

काका, ताई, मनापासून आभार. किल्ल्यातलं बुकिंग रद्द केलं, दोन्ही रात्री खालीच. मैत्रिणीलाही कारण कळवलं. एक विचारायचं राहिलं: डिसेंबरमध्ये खडिनात पीक दिसेल का?

पाटकरी_धुळे

पावसाळा बरा झाला असेल तर नक्की. कुलधऱ्याहून खाभा गावाकडे जाताना गाडीवाल्याला खडीन म्हणूनच सांगा, त्यांना माहीत असतं. गहू तेव्हा वीतभर असेल. बांधावर चढा, पण शेतात उतरण्याआधी मालकाला विचारा. आणि बांधाला जादा पाणी सोडायला सांडवा ठेवलेला असतो, तो मुलीला शोधायला लावा.