‘गौण कवी’ हा शब्द बाद करावा का?

शाईचा डाग:
वाङ्मयाचे इतिहास वाचताना मला एका शब्दाची चीड येते, ‘गौण कवी’. केशवसुतांवर पानंच्या पानं, तांब्यांवर तशीच, आणि शेवटच्या परिच्छेदात चार नावं कोंबून पुढे ‘प्रभृती’. अहो त्या प्रभृतीत माणसं राहतात! दत्त घ्या, म्हणजे दत्तात्रेय कोंडो घाटे, जन्म १८७५, गेले १८९९ मध्ये, चोविशीसुद्धा गाठली नाही. त्यांचं ‘निज नीज माझ्या बाळा’ सगळ्यांना गोड अंगाई वाटते कारण कोणी ती धड वाचतच नाही. घरात उंदीर दाणे शोधत खडबड करतायत, हाती काही लागत नाहीये, आणि आई बाळाला सांगते की आता हेही घर सोडून जातील, गणगोतानं आपल्याला सोडलं तसंच. अंगाईत हे! हे लिहिणारा गौण असेल तर तो शब्दच बाद करा.

तिरपी रेघ:
उंदरांची जागा जबरदस्त आहे, वाद नाही. पण एक जागा साधली म्हणून कवी मोठा हा कुठला हिशोब? आणि अल्पायुष्याचं म्हणाल तर बालकवीही १९१८ मध्ये गेले तेव्हा २७ वर्षांचेच होते, त्यांना कोणी प्रभृतीत टाकलं का? इंग्रजी कवी-समीक्षक टी. एस. एलियटनं १९४४ मध्ये याच प्रश्नावर भाषण दिलं होतं, त्याचा मुद्दा साधारण असा की मोठ्या कवीचं सगळं लेखन वाचलं की त्याची सुटी कविताही जास्त भिडते, बाकीच्यांच्या निवडक वाचल्या तरी पुरतं. यात अपमान कुठे आला? उलट त्या शब्दाला चिकटलेली तुच्छता काढावी हाच त्याचा हेतू होता.

मात्रा चुकली:
इंग्रजीत निघाली असेल तुच्छता, मराठीत नाही निघत. आपल्याकडे गौण म्हटलं की समोर ‘मुख्य’ उभा राहतोच. मला तर थेट गौण खनिज आठवतं, वाळू आणि मुरूम, सरकारी भाषेत त्यांना तेच म्हणतात आणि घरं मात्र त्यांच्याशिवाय उभी राहत नाहीत 😀

जुनी वही:
गौण परवडला हो, निदान तोंडावर बोलतो. गोड शब्द जास्त वाईट. ‘प्रासादिक’ म्हणजे समजली पण लक्षात राहिली नाही, ‘आश्वासक’ म्हणजे अजून काही लिहिलेलं नाही, आणि ‘नवोदित’ तर केस पिकले तरी सुटत नाही. मी एकदा एका संपादकांकडे कविता पाठवल्या होत्या, उत्तर आलं ‘आपल्या कविता प्रामाणिक आहेत’. बास, तेवढंच. नाकारल्या असं लिहिलं असतं तर मी आणखी पाठवल्या असत्या, त्या ‘प्रामाणिक’नंतर दोन वर्षं वही उघडली नाही.

तिरपी रेघ:
@जुनी वही, वाईट वाटलं वाचून, पण हा माझ्याच बाजूचा पुरावा झाला की! स्पष्ट शब्द हवेत. पूर्वी सरळ ‘कवडा’ म्हणायचे, ट ला ट जोडणाऱ्याला.

मात्रा चुकली:
कवडा हा पक्षीपण आहे आणि तो तुमच्या कवड्यांपेक्षा बरा घुमतो.

शाईचा डाग:
कवडा आणि गौण यांची गल्लत नको. कवडा म्हणजे ज्याला जमतच नाही तो, दत्तांना जमत होतं, वेळ मिळाला नाही. आणि बालकवींचं उदाहरण मला पटत नाही कारण त्यांना १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात, पोरवयातच, ‘बालकवी’ ही पदवी मिळाली होती, म्हणजे लेबल आधी लागलं आणि ते चांगलं लागलं. लोक कवितेच्या आधी लेबल वाचतात हो.

तिरपी रेघ:
म्हणजे बालकवी टिकले ते पदवीमुळे?? कमाल करता. ‘औदुंबर’ची पदवी काढून घ्या आणि पुन्हा वाचा, आठच ओळी आहेत. मी दत्तांच्या बाकीच्या कविता काढून बसतो, तुम्ही म्हणता तसं धड वाचतो. तीन तशा सापडल्या तर गौण शब्द मागे घेतो, नाही सापडल्या तर तुम्ही घ्या.

जुनी वही:
तीनच का? दोन चालतील.