पीएसए ६.८ आला आहे. थेट बायोप्सी करावी का?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक): माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. लघवीला अडखळत होते म्हणून वर्षभर ड्युटास्टेराइडची गोळी चालू आहे. मागच्या आठवड्यात कॉलेज रोडवरच्या लॅबमध्ये तपासले, तर पीएसए ६.८ आणि फ्री पीएसए (रक्तातल्या इतर प्रथिनांना न चिकटलेला भाग) १४ टक्के निघाला. रिपोर्टवर ४ पर्यंत नॉर्मल असे छापले आहे, त्यामुळे घरात सगळे हवालदिल आहेत. फ्री पीएसएवरून कॅन्सर आहे की नाही हे ठरते का?

उत्तर १: ठरत नाही. पीएसए हे प्रोस्टेटच्या (पुरुषांत मूत्राशयाखाली असणाऱ्या ग्रंथीच्या) निरोगी पेशींतही तयार होणारे प्रथिन आहे. वयोमानाने ग्रंथी वाढली, लघवीत जंतुसंसर्ग झाला किंवा नुकताच कॅथेटर (लघवीची नळी) घातला असेल, तरी ते रक्तात वाढते. एकूण पीएसए ४ ते १० असताना फ्री पीएसए २५ टक्क्यांहून जास्त असेल तर कॅन्सरची शक्यता कमी आणि १० हून कमी असेल तर जास्त धरतात. तुमचे १४ अधलेमधले आहे. लघवीचे कल्चर (जंतुसंसर्ग आहे का ते पाहणारी तपासणी) करून काही आठवड्यांनी पीएसए पुन्हा तपासावा.

उत्तर २: वरचे म्हणणे बरोबर आहे, पण गोळीचा मुद्दा निसटला. ड्युटास्टेराइड सहा महिने घेतल्यावर पीएसए साधारण निम्म्यावर येतो, म्हणून ६.८ हा आकडा दुप्पट, म्हणजे साडेतेराच्या आसपास समजून वाचावा लागतो. (रिपोर्ट छापणाऱ्या यंत्राला गोळी ठाऊक नसते.) मग ४ ते १० चा तो हिशेब इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. गोळीआधीचा रिपोर्ट आहे का?

प्रश्नकर्ता: फाइलमध्ये सापडला. तेव्हा ५.१ होता.

उत्तर २: म्हणजे तो अडीचच्या आसपास उतरायला हवा होता, आणि झाले उलटेच. गोळी नियमित घेत असतील तर ही वाढ एका आकड्यापेक्षा जास्त बोलकी आहे. कल्चर जरूर करावे, पण त्यासाठी यूरोलॉजिस्टची भेट पुढे ढकलू नये. गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेटची तपासणी झाल्यावर ते बहुधा प्रोस्टेटचा एमआरआय सांगतील. त्यात ग्रंथीचे आकारमानही कळते. मोठ्या ग्रंथीतून पीएसए जास्त येणारच, म्हणून आकारमानाशी त्याचे प्रमाण पाहतात. निदान मात्र बायोप्सीच्या तुकड्यावरच होते. दोन्ही रिपोर्ट सोबत न्यावेत, आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असल्यास आधी सांगावे; ती स्वतःहून बंद करू नये.