कीवर्ड साधनाने दिलेले गुण किती मानावेत?

प्रश्न: मी ग्राहकांसाठी एसईओ लेख, म्हणजे गूगलसारख्या शोधयंत्रांत वर दिसावेत असे लेख, लिहिते. लेखात कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाइप करतात ते शब्द, कसे आले आहेत हे पाहून साधन १००पैकी गुण देते आणि ९०च्या खाली ग्राहक लेख स्वीकारत नाही. त्यामुळे परवा ‘गुडघेदुखीवर घरगुती उपाय’ हा शब्दसमूह ८०० शब्दांत १४ वेळा बसवावा लागला आणि वाक्ये अक्षरशः मोडली. आपण अशा वेळी काय करता?

उत्तर: ते गुण गूगल देत नाही, साधन बनवणारे देतात, हे ग्राहकाला आधी लेखी कळवावे. वरच्या क्रमांकाच्या पानांत कोणते शब्द किती वेळा येतात, यावरून ते साधारणपणे ठरतात. गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात कीवर्डची अशी भरताड स्पष्टपणे निषिद्ध आहे. मेटा कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमध्ये दिलेली, वाचकाला न दिसणारी कीवर्डची यादी) क्रमवारीसाठी वापरत नसल्याचे तर गूगलने २००९ मध्येच जाहीर केले होते.

दुसरे उत्तर: तरीही साधन टाकून देऊ नका, ताई. मी आधी लेख पूर्ण करतो आणि मगच साधनाने सुचवलेल्या शब्दांची यादी उघडतो. यादीत ‘जिना चढताना’ दिसले, तर जिना चढताना गुडघा का दुखतो हा परिच्छेदच राहून गेला, असे मी समजतो आणि तो लिहितो.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. तो परिच्छेद माझ्या लेखात खरोखरच नाही; आजच लिहिते आणि धोरणाचा दुवा ग्राहकाला पाठवते.